हवेवर धावणारे चाक : जॉन बॉइड डनलॉप

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या सीमाभागात साखर कारखान्यांच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागतात. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवलेली जुनी बैलगाडी आता क्वचितच दिसते. तिच्या जागी रबरी टायरची गाडी आली आणि टायर कोणत्याही कंपनीचा असो, कित्येक ठिकाणी लोक तिला डनलॉप गाडीच म्हणू लागले. ओल्या रानात अरुंद धाव रुतून बसते. रुंद, हवा भरलेला टायर तेवढेच ओझे जास्त जमिनीवर पसरतो म्हणून तो तरतो. जीप उंच करून तिला मोठे टायर चढवणारे हौशी लोक आज ज्या तत्त्वावर भिस्त ठेवतात ते हेच. पण ज्याचे नाव आपण इतक्या सहजपणे घेतो तो डनलॉप ना गाड्या बनवणारा होता ना कारखानदार. तो गुरांचा डॉक्टर होता.

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरोत पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन तो १८६७ साली आयर्लंडात गेला आणि बेलफास्ट शहरात त्याने चांगला जम बसवला. दाढीवाला, प्रकृतीने स्वतःला नाजूक समजणारा, पोशाखात साधा असा हा गृहस्थ. व्यवसायामुळे रबराची त्याला सवय होती.

१८८७ साली त्याच्या मुलाकडे, जॉनीकडे, एक तीनचाकी सायकल होती. तिची चाके भरीव रबराची आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरसबंदीचे. मुलाची हाडे खिळखिळी होतात हे पाहून बाप विचारात पडला. त्याने लाकडाची एक गोल तबकडी घेतली, पातळ रबरी पत्र्याची नळी करून तिच्या कडेवर बसवली, वर कापड ताणून खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. मग अंगणात तीनचाकीचे एक चाक आणि ही तबकडी, दोन्ही त्याने हाताने ढकलून दिली. भरीव रबराचे चाक वाटेतच लवंडले. तबकडी मात्र अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर आदळली आणि उसळून मागे आली. प्रयोगशाळा नाही, मोजमापाचे यंत्र नाही. पण प्रयोग कसा चोख! दोन चाके, एकच अंगण, एकाच हाताची ढकल. आमच्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

भरीव चाक दगडावर आले की सायकल आणि स्वार दोघांनाही उचलते, आणि त्यात पुढे जाण्याचा जोर वाया जातो. हवेचा टायर दगडापुरता दबतो आणि पुन्हा फुगतो. म्हणजे मुलाच्या सुखासाठी केलेली गोष्ट वेगाचीही ठरली. ७ डिसेंबर १८८८ रोजी डनलॉपला तिचे पेटंट मिळाले.

पुढची अडचण जीपला मोठे टायर बसवणाऱ्यांच्या ओळखीची आहे. टायर जाड झाला, पण जुन्या सायकलीत तो मावेना! चाक ज्या चिमट्यात फिरते तो अरुंद पडला. तेव्हा सायकलच नव्याने बांधावी लागली, आणि बेलफास्टच्या एडलिन यांच्या कारखान्यात रुंद चिमट्याच्या सायकली तयार झाल्या. तशीच एक घेऊन विली ह्यूम नावाचा स्वार १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत उतरला. ती फुगीर चाके पाहून लोक हसले. ह्यूमने भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांत हार्वे द्यू क्रो या व्यापाऱ्याचे मुलगे होते. बाप रागावला नाही. त्याने टायरमध्ये रस घेतला आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली.

इथवर गोष्ट सरळ आहे. मग १८९० साली कळले की हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच घेतले होते. त्याने ते घोडागाडीला लावून चालवलेही होते. पण तेव्हा आजच्यासारखी सायकल नव्हती, रबर महाग होते आणि शोध विस्मरणात गेला. थॉमसन १८७३ साली वारला होता. डनलॉपला त्याचे काम ठाऊक नव्हते असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि मलाही त्यात शंका घेण्याजोगे काही दिसत नाही. पण कायद्यापुढे अजाणतेपणाला किंमत नसते. डनलॉपचे पेटंट निकामी झाले.

कंपनी तरली ती इतरांच्या शोधांवर. डनलॉपचा टायर चाकाला चिकटवलेला असे, पंक्चर काढणे म्हणजे मोठाच व्याप. वेल्श आणि बार्टलेट यांनी टायर काढता-घालता येण्याच्या युक्त्या शोधल्या, वुड्सने व्हॉल्व्ह दिला. ते हक्क कंपनीने मिळवले. १८९६ साली टेरा हूली या सट्टेबाजाने ती तीस लाख पौंडांना घेऊन पन्नास लाखांना पुन्हा बाजारात आणली. डनलॉप तोवर बाजूला झाला होता. डब्लिनमध्ये कापडाच्या एका दुकानात त्याची भागी होती, तेवढाच व्यापार त्याने सांभाळला.

नाव मात्र कंपनीकडे राहिले, आणि चेहराही. जाहिरातींत त्याचे दाढीवाले मुख एका उंच, छानछोकी माणसाच्या धडावर चढवून त्याच्या डोक्यावर उंच हॅट, हातात छडी देण्यात आली. पैशासाठी कधी न भांडलेला हा म्हातारा त्यावर मात्र कोर्टात गेला, आणि प्रकरण लॉर्ड्स सभेपर्यंत पोहोचले. स्वतःच्याच नावाच्या कंपनीविरुद्ध फिर्याद करणारे वादी जगात फार थोडे असतील. मला त्यात हट्ट दिसत नाही; शोध आपला नाही हे ज्याने ऐकून घेतले, त्याने निदान तोंड तरी आपले राहावे असे म्हटले तर नवल काय?

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे तो वारला. हवेच्या टायरचा इतिहास त्याने स्वतः लिहून ठेवला होता. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर निघाले. बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ साली सुरू झाला आणि हे नाव आपल्या बैलगाड्यांपर्यंत पोहोचले. तो कारखानाही पुढे बंद पडला.