मॅडिसन विरुद्ध मन्रो : ३३६ मतांनी घडवलेला इतिहास

अमेरिकेचे चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांना त्या देशाच्या राज्यघटनेचे जनक मानले जाते. नागरिकांच्या हक्कांची जी सनद पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने घटनेला जोडली गेली, तिचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. मात्र, अशा सनदेची आवश्यकता नाही, असेच मॅडिसन यांचे मत सुरुवातीला होते. ते बदलण्यास जी कारणे घडली, त्यांतील एक महत्त्वाचे कारण म्हणजे फेब्रुवारी १७८९ मध्ये व्हर्जिनियातील आठ परगण्यांच्या मतदारसंघात झालेली प्रतिनिधिगृहाची निवडणूक. त्या निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे होते त्यांचेच स्नेही आणि पुढे अमेरिकेचे पाचवे अध्यक्ष झालेले जेम्स मन्रो.

मॅडिसन यांचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियात झाला. ऑरेंज परगण्यातील माँटपेलियर येथे त्यांच्या कुटुंबाची मोठी शेतजमीन होती. आज प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयातून ते १७७१ मध्ये पदवीधर झाले. ठेंगणा बांधा, नाजूक प्रकृती आणि लांबवर न पोहोचणारा आवाज, अशा या माणसाकडे सभा गाजवण्याचे कोणतेही गुण नव्हते. १७७७ मध्ये व्हर्जिनिया विधिमंडळाच्या निवडणुकीत मतदारांना मद्य पाजण्याची रूढ प्रथा त्यांनी पाळली नाही आणि ते पराभूत झाले. त्यांचे बळ होते ते अभ्यासात आणि समितीच्या कामकाजात.

धार्मिक स्वातंत्र्य हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. व्हर्जिनियात चर्च ऑफ इंग्लंड हा राजमान्य पंथ असताना परवान्याविना प्रवचने करणाऱ्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकांना तुरुंगात डांबले जात असे. मॅडिसन यांना तारुण्यातच याची चीड होती. १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात अन्य पंथांना केवळ सहन करण्याची भाषा होती. तिच्या जागी प्रत्येकाच्या समान धार्मिक हक्काची भाषा आली, ती मॅडिसन यांच्या आग्रहामुळे. धर्मोपदेशकांच्या वेतनासाठी कर बसवण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा १७८५ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध निवेदन लिहिले. पाठोपाठ थॉमस जेफरसन यांनी तयार केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदाही त्यांनी १७८६ मध्ये विधिमंडळात संमत करून घेतला.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे घटना परिषद भरली. तेथील चर्चेचा पाया ठरलेला व्हर्जिनियाचा आराखडा मुख्यत्वे मॅडिसन यांचा होता. परिषदेच्या अखेरीस जॉर्ज मेसन यांनी हक्कांच्या सनदेचा विषय काढला, पण तो फेटाळण्यात आला आणि मेसन यांनी घटनेवर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. केंद्राला मोजकेच अधिकार दिलेले असताना हक्कांची यादी कशासाठी, असा मॅडिसन यांचा प्रश्न होता. यादीतून एखादा हक्क सुटला तर तो नागरिकांना नाहीच, असा अर्थ काढला जाण्याची भीतीही त्यांना वाटे. शिवाय बहुमत बेभान झाले की कागदावरील हमी त्याला रोखू शकत नाही, हे त्यांनी व्हर्जिनियातच पाहिले होते.

जून १७८८ मध्ये घटनेला मान्यता देण्यासाठी रिचमंड येथे व्हर्जिनियाची परिषद भरली. घटनेच्या विरोधकांचे नेतृत्व पॅट्रिक हेन्री या फर्ड्या वक्त्याकडे होते. तीन आठवड्यांहून अधिक चाललेल्या चर्चेनंतर ८९ विरुद्ध ७९ मतांनी घटना मान्य झाली. विरोधात मत देणाऱ्यांत मन्रो होते. हेन्री यांनी मात्र हार मानली नाही. त्या काळी सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत असत आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर हेन्री यांची पकड होती. नोव्हेंबर १७८८ मध्ये दोन्ही जागांवर घटनेचे टीकाकार निवडून आले. मॅडिसन तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

त्यानंतर प्रतिनिधिगृहाचे मतदारसंघ आखण्यात आले. मॅडिसन यांचा ऑरेंज परगणा घटनाविरोधकांचा जोर असलेल्या परगण्यांना जोडण्यात आला. उमेदवार त्याच मतदारसंघात बारा महिने राहिलेला असावा, अशी अटही घालण्यात आली, त्यामुळे मॅडिसन यांना अन्यत्र उभे राहण्याची वाट बंद झाली. आखणीत हेन्री यांचा हेतू कितपत होता याविषयी आजच्या अभ्यासकांत दुमत असले, तरी मॅडिसन यांच्या समर्थकांना त्याविषयी शंका नव्हती. विरोधकांनी उमेदवारीही मन्रो यांना दिली.

मन्रो तेव्हा ३० वर्षांचे होते, मॅडिसन ३७ वर्षांचे. स्वातंत्र्ययुद्धात १७७६ च्या ट्रेंटनच्या लढाईत मन्रो यांच्या खांद्यात गोळी शिरली होती. त्यांनी जेफरसन यांच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला होता आणि जेफरसन यांच्याच मुळे दोघांचा स्नेह जुळला होता. न्यूयॉर्क राज्यातील मोहॉक नदीच्या खोऱ्यात दोघांनी भागीदारीत जमीनही घेतली होती. मिसिसिपी नदीतील नौकानयनाचा हक्क स्पेनसाठी सोडू नये, या प्रश्नावर दोघांचे एकमत होते. मतभेद होते ते नव्या घटनेवर.

पहिला मुद्दा घटनादुरुस्तीचा होता. घटना आहे तशी स्वीकारणे धोक्याचे आहे, नागरिकांचे हक्क तीत स्पष्ट लिहिले गेले पाहिजेत, ही मन्रो यांची भूमिका होती. मॅडिसन घटनेला परिपूर्ण मानतात, त्यात एक अक्षरही बदलू देणार नाहीत, अशी अफवा मतदारसंघात पसरवण्यात आली. त्यावर मॅडिसन यांनी पत्रे लिहून आपली बाजू मांडली, त्यांतील काही वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. मान्यता मिळण्यापूर्वी दुरुस्त्यांचा आग्रह धरला असता तर संघराज्यच बारगळले असते, म्हणून आपण विरोध केला. आता घटना लागू झाली असल्याने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य, मुद्रणस्वातंत्र्य, ज्युरीसमोर खटला आणि सरसकट झडतीच्या हुकमांपासून संरक्षण यांची हमी देण्यास हरकत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

दुसरा मुद्दा या दुरुस्त्या कोणी कराव्यात, हा होता. हेन्री यांच्या गटाला त्यासाठी दुसरी घटना परिषद हवी होती. अशा परिषदेत केलेले सारे काम पुन्हा उसवले जाईल, असे मॅडिसन यांना वाटे. काँग्रेसने दुरुस्त्या सुचवाव्यात आणि राज्यांनी त्या मान्य कराव्यात, हा मार्ग जलद आणि सुरक्षित असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

तिसरा मुद्दा करांचा. थेट नागरिकांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांकडेच राहावा, असे मन्रो यांचे मत होते. दूरच्या केंद्र सरकारचा वसुली अधिकारी शेतकऱ्याच्या दारात उभा राहणे म्हणजे स्वातंत्र्यालाच धोका, असे घटनाविरोधक मानत. युद्धाच्या काळात आयात बंद पडली तर केवळ जकातीवर देशाचे संरक्षण कसे होणार, असा मॅडिसन यांचा युक्तिवाद होता. सारा भार आयात मालावर टाकल्यास कारखानदारी नसलेल्या दक्षिणेकडील राज्यांनाच तो अधिक सोसावा लागेल, हेही त्यांनी मतदारांना समजावून सांगितले. हा अधिकार काढून घेण्याचे आश्वासन मात्र त्यांनी दिले नाही.

मते मागत फिरणे मॅडिसन यांना आवडत नसे. तरीही मित्रांच्या आग्रहाने ते न्यूयॉर्कहून घरी परतले आणि जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत दोघे उमेदवार परगण्या-परगण्यांत फिरू लागले. कल्पेपर परगण्यातील एका ल्यूथरन चर्चबाहेर प्रार्थनेसाठी जमलेल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांसमोर, बर्फात उभे राहून दोघांनी आपापली बाजू मांडली. रात्री घोड्यावरून परतताना हिमदंशाने मॅडिसन यांच्या नाकाला इजा झाली. उतारवयात तो व्रण ते पाहुण्यांना गमतीने दाखवीत. प्रचारात दोघांनी एकमेकांवर वैयक्तिक चिखलफेक केली नाही. बॅप्टिस्ट समाजाने मात्र दोन्ही उमेदवारांची भाषणे आणि मागील काम तोलून पाहिले. तुरुंगवास भोगलेल्या या पंथाला मॅडिसन यांची पूर्वीची कामगिरी ठाऊक होती.

२ फेब्रुवारी १७८९ रोजी मतदान झाले. मॅडिसन यांना १,३०८ आणि मन्रो यांना ९७२ मते पडली. ३३६ मतांच्या फरकाने मॅडिसन विजयी झाले. निकालानंतर मैत्रीत फरक पडला नसल्याचे त्यांनी जेफरसन यांना कळवले.

दिलेला शब्द पाळण्याची वेळ आता आली होती. नव्या काँग्रेसला महसूल आणि न्यायालयांच्या विषयांची घाई होती. घटना मान्य करणारे सदस्य दुरुस्त्यांबाबत उदासीन होते, तर विरोधकांना त्या अपुऱ्या वाटत होत्या. तरीही ८ जून १७८९ रोजी मॅडिसन यांनी आपले प्रस्ताव मांडले आणि पाठपुरावा सोडला नाही. प्रतिनिधिगृहाने १७ दुरुस्त्या संमत केल्या, सिनेटने त्या १२ वर आणल्या. राज्य सरकारांनाही विवेकाचे व मुद्रणाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यास मनाई करणारी, मॅडिसन यांना सर्वांत मोलाची वाटणारी दुरुस्ती सिनेटने वगळली. प्रत्यक्ष करांचा अधिकार आकुंचित करण्याची घटनाविरोधकांची मागणीही मान्य झाली नाही. १५ डिसेंबर १७९१ रोजी व्हर्जिनियाच्या संमतीने दहा दुरुस्त्या अमलात आल्या. उरलेल्या दोहोंपैकी काँग्रेस सदस्यांच्या वेतनवाढीसंबंधीची दुरुस्ती तब्बल दोनशे वर्षांनी, १९९२ मध्ये २७ वी दुरुस्ती म्हणून मान्य झाली.

या निवडणुकीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मतदानाचा हक्क मालमत्ताधारक गोऱ्या पुरुषांपुरता होता. दोन्ही उमेदवार गुलामांचे मालक होते आणि गुलामगिरीचा प्रश्न त्यांच्या प्रचारात आला नाही. ज्यांच्या श्रमावर माँटपेलियर उभे होते, त्यांना त्या सनदेतील एकही हक्क लाभला नाही. गुलामगिरी वाईट असल्याचे मान्य करूनही मॅडिसन यांनी मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त केले नाही.

१८०८ मध्ये हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी स्पर्धा अध्यक्षपदाची होती. मॅडिसन विजयी झाले, काही काळ दुरावाही आला. पण १८११ मध्ये त्यांनी मन्रो यांनाच परराष्ट्रमंत्रिपद दिले. ब्रिटनशी झालेल्या युद्धात ऑगस्ट १८१४ मध्ये वॉशिंग्टन शहर जाळले गेले, तेव्हा युद्ध खात्याचा भारही मन्रो यांनी उचलला. १८१७ मध्ये मॅडिसन यांच्याकडून अध्यक्षपदाची सूत्रे मन्रो यांनी स्वीकारली. १८२९ मध्ये व्हर्जिनियाची घटना सुधारण्यासाठी रिचमंड येथे परिषद भरली, तेव्हा हे दोन्ही वृद्ध प्रतिस्पर्धी तेथे एकत्र बसले. मन्रो त्या परिषदेचे अध्यक्ष होते.

मन्रो यांचे ४ जुलै १८३१ रोजी निधन झाले. मॅडिसन २८ जून १८३६ रोजी माँटपेलियर येथे निवर्तले. फिलाडेल्फियाच्या परिषदेतील प्रतिनिधींपैकी तोवर हयात असलेले ते अखेरचे. घटना लिहिणाऱ्या माणसाकडून हक्कांची हमी वदवून घेतली ती त्याला विरोध करणाऱ्यांनी आणि त्याच्या मतदारांनी. मन्रो निवडणूक हरले, पण त्यांच्या प्रचारातील मुख्य मागणी विजयी उमेदवाराने काँग्रेसमध्ये नेली आणि मान्य करवून घेतली.