पेणचे दामलेमामा : एका माईकवर अख्खी अयोध्या ऐकवणारा माणूस

मोहोपाड्यातून रसायनी स्टेशन गाठायचं आणि रोह्याची गाडी पकडायची. आपटा, जिते, हमरापूर आणि पुढे पेण. गणपतीच्या मूर्तींमुळे पेण सगळ्यांना माहितीय. पण प्रभातच्या सिनेमाला आवाज देणारे विष्णुपंत दामलेही इथलेच. जन्म १८९२ चा.

कोल्हापुरात ते नाटकाचे पडदे रंगवायचे. तिथून बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले. १९२९ साली शांताराम, फत्तेलाल वगैरे मंडळींसोबत त्यांनी प्रभात काढली. सुरुवातीचे सगळे मूकपट. १९३१ ला ‘आलम आरा’ आला आणि प्रभातलाही तोंड उघडावं लागलं. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’च्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी कुणावर? तर या पडदे रंगवणाऱ्या माणसावर.

आता यात अवघड काय होतं ते बघा. गाणं तेव्हा शूटिंग चालू असतानाच रेकॉर्ड व्हायचं. नटाने गायचं आणि वादकांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, पण माईकला ऐकू जाईल इतकं जवळ बसायचं. मिक्सिंग नंतर करू, ही सोयच नाही. तबला जास्त वाजतोय? मग तबलजीला मागे सरकवा. कोण जवळ, कोण लांब, हे माईकपासूनच्या अंतरानेच ठरायचं. पडद्यावर लांबचा महाल रंगवण्यासारखंच हे काम, फक्त इथे रंगाऐवजी आवाज.

लांब-जवळ साधायचं, पण डावं-उजवं नाही. नट पडद्याच्या या टोकाला असो की त्या, आवाज एकाच जागेवरून यायचा. गंमत म्हणजे नेमकं हेच लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरला खटकत होतं. आपल्याला दोन कान आहेत, म्हणून आवाजाची दिशा कळते. मग माईक आणि स्पीकरही दोन-दोन का नकोत? डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. तोच आजचा स्टिरिओ.

इकडे दामले-फत्तेलाल जोडीने १९३६ ला ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तो थेट व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. आज हेडफोन लावून बघा, दोन्ही कानांत अगदी सारखाच आवाज येतो. तरी तुकोबा समोर बसून गातायत असंच वाटतं.

ब्लुमलाइन १९४२ ला विमान अपघातात गेला, दामलेमामा १९४५ ला. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात यायला १९५८ उजाडलं.