शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा लिहिण्यात जे उणे असेल ते पोटात घालावे.

आपल्या मंडळाच्या बालवाडीवरून गेल्या श्रावणात जी बोलाबोली झाली ती सर्वांच्या लक्षात असेलच. मुले दोन महिने जाताहेत पण वहीत एक अक्षर नाही, असे म्हणून दोघीतिघींनी मुले काढून घेतली. मी त्यावेळी गप्प बसले, कारण मीही तशीच आई होते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना त्याला मी रोज पाटीपुढे बसवीत असे. अक्षर उलटे काढले की हातावर पट्टी. शेवटी पोराने पाटी गव्हाच्या डब्यात लपवली. तेव्हा आम्ही सारे हसलो. आता मला ते हसू येत नाही. म्हणून यंदा ताराबाई मोडकांविषयी लिहायचे मनात घेतले.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. घर प्रार्थनासमाजी, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. वकिलाशी लग्न झाले, अमरावतीला संसार मांडला, पण तो टिकला नाही. त्या काळी नवऱ्यापासून वेगळे होऊन लेकीला घेऊन जगणे म्हणजे काय, हे आपण बायकांनीच ओळखावे. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांना मुख्य बाईंची जागा मिळाली. पगार, मान, सारे होते.

ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. मादाम मॉन्टेसरींचे विचार वाचून त्यांनी तेथे बालमंदिर काढले होते. मार नाही, भीती नाही, बक्षिसाचे आमिषही नाही. मुलाच्या हाताला काम द्यायचे आणि त्याच्याकडे पाहत बसायचे. हे पाहत बसणेच फार अवघड! आपला हात लगेच मदतीला नाहीतर पाठीवर जातो. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी नाव राहिलेच असते. पण शहरातली ही शाळा खर्चाची. साधने सुताराकडून घडवून घ्यायची, ती गरिबाच्या पोराला कोठून मिळणार? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, त्या अखेरपर्यंत.

बालवाडी मांडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आया कामावर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी. तेव्हा ताराबाईंनी दोष आयांना दिला नाही. मुले येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. आधी हातपाय धुणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने म्हणजे खडे, शिंपले, बिया, पाने. चिंचोके मोजून आकडे कळतात आणि पानांचे लहानमोठेपण लावता लावता नजर बसते, याला पैसा लागत नाही.

१९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी ठेवली. धाकटे पाळण्यात निजले की थोरली वर्गात बसायला मोकळी. केवढी साधी युक्ती, पण ती सुचायला पोरीच्या कडेवरचे ओझे दिसावे लागते. गुरे राखणारी मुले तरीही येईनात, तर त्यांच्यामागे कुरणात शिक्षक पाठवले. त्याला कुरणशाळा म्हणत.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी झाला.

हे वाचल्यावर मी मुलाला त्या पाटीची आठवण विचारली. तो आता कामाला लागला आहे. डबा कोणता होता तेसुद्धा त्याला आठवत होते. मी काही बोलले नाही. उन्हाळ्यातले चिंचोके धुऊन वाळवले आहेत, दोन शेर तरी भरतील. ते सोमवारी बालवाडीत नेऊन देणार आहे. ज्या दोघीतिघींनी मुले काढली त्यांच्या घरावरूनच वाट आहे, तेव्हा जाता जाता हाक मारीन म्हणते.