ग्रे वॉल्टर आणि उघडझाप करणारा दिवा

विल्यम ग्रे वॉल्टर यांचा जन्म १९१० साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत झाला. आईवडील दोघंही पत्रकार. मुलगा पाच वर्षांचा असताना ते इंग्लंडला आले आणि वॉल्टर कायमचे तिथलेच झाले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ते शिकले, पण संशोधनाची फेलोशिप काही मिळाली नाही. मग लंडनच्या एका प्रयोगशाळेत प्रोफेसर गोल्ला यांच्या हाताखाली ते मेंदूतल्या विजेच्या मागे लागले.

हो, वीजच! आपल्या डोक्यात अतिशय मंद विद्युतलहरी सतत चालू असतात, हे जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ साली जगापुढे मांडलं होतं. डोळे मिटून स्वस्थ बसलं की त्या सेकंदाला साधारण दहा या गतीनं उठतात. त्यांना अल्फा लहरी म्हणतात. वॉल्टर यांचा हात यंत्रं जुळवण्यात तरबेज होता. कवटी न उघडता, नुसत्या लहरी मोजून मेंदूतली गाठ कुठे आहे ते सांगता येतं, हे त्यांनी १९३६ साली दाखवून दिलं.

१९३९ पासून ते ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. १९४६ साली तिथं त्यांनी सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला डोळे मिटून बसवायचं आणि तोंडासमोर एक प्रखर दिवा ठरावीक वेगानं उघडझाप करत ठेवायचा. बस, एवढंच. पण दिव्याचा वेग अल्फाच्या जवळ आला की मेंदूतल्या लहरी दिव्याच्या तालावर चालू लागत. टाळकऱ्याच्या मागे भजनी मंडळ जावं, तसं. आणि मिटल्या डोळ्यांपुढे रंग, भोवरे, सरकणाऱ्या जाळ्या दिसू लागत. दिवा तर पांढरा, त्यात नक्षी कसली? ती नक्षी मेंदूच काढत होता. म्हणजे आपण जे पाहतो ते सगळंच बाहेरून येत नाही, थोडं आतूनही येतं.

या खेळाला दुसरी बाजू होती. काहींना त्या उजेडात फिट येऊ लागे. वॉल्टर यांनी पुढे दिव्याची कळच मेंदूच्या लहरींना जोडली. लहर उठली की दिवा पेटे आणि दिवा पेटला की लहर आणखी उसळे. तेव्हा आयुष्यात कधी फिट न आलेल्या निरोगी माणसांच्या आलेखातही फिटसारखे झटके उमटले. झाडांच्या रांगेतून सायकलवर घरी जाताना, फांद्यांआडून उन्हाची तिरीप लपझप करत असताना शुद्ध हरपू लागलेल्या एका माणसाची हकीकत त्यांनी आपल्या ‘द लिव्हिंग ब्रेन’ (१९५३) या पुस्तकात नोंदवली आहे. वेडसर ठरवल्या गेलेल्या अशा अनुभवांना आता कारण मिळालं.

फिरते यंत्रकासवही त्यांचेच. एल्मर आणि एल्सी अशी नावं ठेवलेली ही यंत्रं उजेड शोधत खोलीभर हिंडत. लोकांना वॉल्टर आठवतात ते बहुधा याच कासवांमुळे.

मेंदूवर आयुष्य घालवलेल्या या माणसाच्या डोक्यालाच १९७० साली स्कूटरच्या अपघातात जबर मार बसला. त्यातून ते वाचले, कामावरही परतले, पण पहिली उभारी राहिली नाही. १९७७ साली ते गेले.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९९७ साली, जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा एक भाग टीव्हीवर लागला. पडद्यावर लाल-निळा उजेड सेकंदाला साधारण बारा वेळा लखलखला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. व्हिडिओ गेमच्या सुरुवातीला लखलखाटाबद्दल जी सूचना येते, ती आपण न वाचताच पुढे जातो. दवाखान्यात ईईजी काढताना मात्र आजही रुग्णापुढे दिवा उघडझाप करून बघतात. ब्रिस्टलच्या त्या खोलीतला दिवा अजून विझलेला नाही.