रूडॉल्फ डिझेल

मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात एखादा कसलेला मिस्त्री हत्याराला हात लावण्यापूर्वी नुसता कान देऊन उभा राहतो, हे दृश्य तुम्ही कधी तरी पाहिले असेल. घाट चढून आलेली मालमोटार दारात उभी असते. एंजिनातून नेहमीच्या धडधडीबरोबर एक निराळीच शीळ ऐकू येत असते, आणि गाडीचा जोर कमी झाल्याची तक्रार चालक करीत असतो. मिस्त्री एंजिनाची गती वाढवावयास सांगतो, कमी करावयास सांगतो, पुन्हा वाढवावयास सांगतो. दोष कोठे आहे याचा निम्मा उलगडा त्याला त्या आवाजावरूनच होतो. त्या एंजिनाला तो डिझेल म्हणतो आणि टाकीतील तेलालाही डिझेलच म्हणतो. परंतु हे नाव मुळात तेलाचे नव्हे व यंत्राचेही नव्हे. ते एका माणसाचे आडनाव आहे.

रूडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील थिओडोर हे मूळचे बुकबाइंडर. पॅरिसमध्ये ते चामड्याच्या शोभिवंत वस्तू तयार करीत. संसार ओढगस्तीचा असल्यामुळे लहानग्या रूडॉल्फला तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवावा लागे. मोकळा वेळ मिळाला की त्याची पावले शहरातील यंत्रसंग्रहालयाकडे वळत. क्यून्यो या फ्रेंच लष्करी अभियंत्याने अठराव्या शतकात बनविलेली वाफेची गाडी तेथे ठेवलेली होती.

१८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडून जावे लागले. शाळेत नुकतेच कांस्यपदक मिळविलेला बारा वर्षांचा रूडॉल्फ आईवडिलांबरोबर निर्वासित होऊन लंडनला गेला. तेथेही पोट भरेना. अखेरीस आईवडिलांनी मन घट्ट करून त्याला एकट्यालाच जर्मनीत, आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठविले. त्याचे काका बार्निकेल हे तेथील धंदेशिक्षणाच्या शाळेत गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी त्याला दोन वेळचे अन्न तर मिळालेच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे अभ्यासाची शिस्त मिळाली. आपण अभियंता व्हावयाचे, असे चौदाव्या वर्षीच त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले. पहिला क्रमांक मिळवून तो शाळेतून बाहेर पडला आणि १८७५ साली शिष्यवृत्ती मिळवून म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला.

तेथे कार्ल फॉन लिंड हे उष्णताशास्त्राचे अध्यापक होते. शीतकरणाच्या यंत्रांचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. वाफेच्या एंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी शेकडा सहा ते दहा भागच कामी येतो व बाकीची सारी उष्णता वाया जाते, असे त्यांनी १८७८ साली एका व्याख्यानात समजावून सांगितले. वर्गातील इतर विद्यार्थ्यांनी ते ऐकले, लिहून घेतले आणि परीक्षेपुरते पाठ केले. वीस वर्षांच्या रूडॉल्फने मात्र वहीच्या समासात स्वतःसाठी एक टिपण करून ठेवले. ही नासाडी टाळणारे यंत्र प्रत्यक्षात बनविता येईल काय, हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्या मागे लागला.

पदवीपरीक्षेच्या ऐन वेळी त्याला विषमज्वर झाला. बरे झाल्यावर परीक्षेची वाट पाहत स्वस्थ बसण्याऐवजी त्याने स्वित्झर्लंडमधील विंटरथुर गावी सुल्त्सर बंधूंच्या कारखान्यात कामाचा अनुभव घेतला. जानेवारी १८८० मध्ये तो उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला. पुढे लिंड यांच्या बर्फाच्या कारखान्याच्या कामासाठी तो पॅरिसला गेला व वर्षभरातच तेथील प्रमुख झाला. १८८३ साली मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. १८९० साली डिझेल कुटुंब बर्लिनला राहावयास गेले. पोटासाठी बर्फाची यंत्रे आणि मनात उष्णतेचे यंत्र, असा हा दहा-बारा वर्षांचा काळ होता.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. हवा वेगाने दाबली की ती तापते. हीच साधी गोष्ट डिझेल यांनी टोकापर्यंत नेली. सिलिंडरमध्ये दट्ट्याने हवा इतकी दाबावयाची की तिची उष्णता शेकडो अंशांवर जावी, आणि मग त्या तप्त हवेत इंधन सोडावयाचे. ते आपोआपच पेट घेईल, ठिणगी पाडण्याची गरजच उरणार नाही. या कल्पनेचे पेटंट त्यांना १८९३ साली मिळाले. त्याच वर्षी त्यांनी या विषयावर एक ग्रंथही प्रसिद्ध केला. आउग्सबुर्गच्या यंत्रनिर्मिती कारखान्याचे प्रमुख हाइनरिख फॉन बुत्स यांनी प्रयोगांसाठी जागा व माणसे दिली. क्रुप यांच्या उद्योगानेही पैशाचे साह्य केले.

कागदावर जे सुरळीत दिसत होते ते लोखंडात उतरविताना मात्र पदोपदी अडू लागले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या एंजिनाची चाचणी झाली. कारखान्याच्या पट्ट्याने एंजिन फिरविले आणि आत इंधन सोडले. त्याबरोबर प्रचंड स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे जवळ उभ्या असलेल्यांच्या डोक्यांवरून उडाले. डिझेल थोडक्यात बचावले. आश्चर्य असे की त्यांना या अपघाताने आनंदच झाला. नुसत्या दाबलेल्या हवेने इंधन पेटते, एवढे तर त्या स्फोटाने सिद्ध केले होते. परंतु एंजिन स्वतःच्या बळावर चालेना. मग दोष शोधण्याचे काम सुरू झाले. दट्ट्याच्या कडेने हवा निसटते काय? झडपा घट्ट बसतात काय? इंधन पुरेसे बारीक होऊन आत शिरते काय? एक भाग बदलावा, चाचणी घ्यावी, दाबाचा आलेख तपासावा आणि पुन्हा नवा भाग घडवावा, असे महिन्यामागून महिने गेले. पेटंटात मांडलेली ज्वलनाची मूळ रीतही त्यांना पुष्कळशी बदलावी लागली. हे त्यांनी वेळीच उघडपणे मान्य केले असते तर पुढचे कित्येक वाद टळले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी पुन्हा चाचणी चालली होती. डिझेल आपल्या कामात गढून गेले होते. लिंडर नावाच्या कारागिराच्या मात्र लक्षात आले की, एंजिनाला फिरविणाऱ्या पट्ट्याचा ताण उलटला आहे. आता पट्टा एंजिनाला ओढीत नव्हता, तर एंजिनच पट्ट्याला ओढीत होते. तो काही बोलला नाही. त्याने फक्त डोक्यावरची टोपी उतरविली, आणि डिझेल यांनी ओळखले. यंत्र जेमतेम एक मिनिट चालले होते.

त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक श्रोटर यांनी तिसऱ्या एंजिनाची अधिकृत परीक्षा घेतली. इंधनातील उष्णतेपैकी शेकडा २६.२ भाग कामी आला. असे दुसरे एंजिन त्या काळी जगात नव्हते. अमेरिकेतील उद्योगपती अडोल्फस बुश यांनी अमेरिका व कॅनडा या देशांपुरते हक्क दहा लाख मार्क देऊन विकत घेतले. म्यूनिकमध्ये डिझेल यांचा प्रशस्त बंगला उभा राहिला.

परंतु प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे यंत्र आणि गिऱ्हाइकाच्या कारखान्यात दिवसरात्र राबणारे यंत्र यांत मोठे अंतर असते. पहिली विक्रीची एंजिने वारंवार बंद पडू लागली. काही परत आली. प्रतिस्पर्धी पेटंटावर आक्षेप घेऊ लागले. काळजीने व श्रमाने डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि १८९८ साली त्यांना विश्रांतीसाठी आरोग्यधामात राहावे लागले. इकडे आउग्सबुर्गचे अभियंते, विशेषतः लाउस्टर, चिकाटीने एकेक दोष दूर करीत होते. डिझेल यांच्या कीर्तीत या मंडळींचा वाटा मोठा आहे. तो बहुधा विसरला जातो. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या एंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे ठेवलेले एक एंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते.

१९१२ साली 'सेलांडिया' हे डॅनिश जहाज डिझेल एंजिनांच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले. डिझेल यांचे नाव सागरापार गेले होते. घरचा हिशेब मात्र कोलमडत होता. तेलाच्या विहिरी व जमिनींच्या व्यवहारांत त्यांचे फार मोठे नुकसान झाले होते. यंत्रांची अचूक पारख करणाऱ्या या माणसाला पैशाच्या व्यवहारांची पारख कधीच साधली नाही. कर्जाचा हा बोजा त्यांनी कुटुंबीयांपासूनही लपवून ठेवला.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघाले. रात्री सोबत्यांबरोबर जेवण करून दहाच्या सुमारास ते आपल्या खोलीत गेले आणि सकाळी सव्वासहाला उठविण्यास त्यांनी सांगून ठेवले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्याची घडीही मोडलेली नव्हती. जहाजाच्या मागील बाजूस कठड्यापाशी त्यांची टोपी व डगला व्यवस्थित ठेवलेला आढळला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. त्यावरील वस्तू त्यांचा मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. त्या रात्री नेमके काय घडले हे निश्चितपणे कोणालाच सांगता आलेले नाही.

डिझेल यांचे एंजिन त्यांच्या हयातीत अवजडच राहिले, कारण इंधन आत फवारण्यासाठी हवा दाबणारे वेगळे यंत्र त्याला जोडावे लागे. ही अडचण पुढे दूर झाली. १९२४ साली डिझेलच्या मालमोटारी जर्मनीत दिसू लागल्या, आणि १९२७ पासून बॉश यांच्या कारखान्यात इंधनाचे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. दुसरी सुधारणा विंटरथुरची. डिझेल ज्या वर्षी त्या गावी अनुभव घेण्यास गेले त्याच वर्षी, १८७९ मध्ये, तेथे आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म झाला. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून एंजिनात कोंबावी, ही युक्ती ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट करून घेतली. यालाच आज टर्बोचार्जर म्हणतात.

आरंभी सांगितलेल्या मालमोटारीतून येणारी शीळ याच चक्रांची होती. ती मंद व एकसारखी असेल तर काळजीचे कारण नसते. गाडीवर भार पडताच फसफस ऐकू आली, जोर कमी झाला आणि काळा धूर निघाला, तर हवेची नळी फाटली आहे किंवा तिचा पट्टा सैल झाला आहे, असा मिस्त्री तर्क करतो. आवाज भोंग्यासारखा चढत जाऊ लागला तर चाकाची पाती आवरणाला घासत असावीत, अशी त्याला शंका येते. मग एंजिन बंद करून, ते निवल्यावर नळी काढून तो दांडा बोटांनी हलवून पाहतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल कमी पडले किंवा गढूळ झाले की त्याचे आधार झिजतात. अशा वेळी चाक तेवढे बदलून भागत नाही. तेल का पोचले नाही, हे शोधावे लागते. नाही तर नवे चाकही थोड्याच दिवसांत घासू लागते.

१८९७ सालचे ते एंजिन म्यूनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. आउग्सबुर्ग येथे डिझेल यांचे आणखी एक स्मारक आहे. लहान आकाराची डिझेल एंजिने बनविणारे जपानी उद्योगपती यामाओका यांनी १९५७ साली तेथील बागेत एक शिळोद्यान उभारून दिले. त्यासाठी लागणाऱ्या शिळा त्यांनी जपानहून पाठविल्या होत्या.