अहिल्याबाई होळकर आणि जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धार

अहिल्याबाईंनी मंदिरे व घाट बांधले, असं मुलं निबंधात हमखास लिहितात. पण पडलेलं पुन्हा उभं करणं हे त्यांचं किती मोठं काम होतं, ते सांगायचं राहून जातं.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी (आजचा अहिल्यानगर जिल्हा) येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. घर असं रिकामं झालं असताना त्यांनी राज्य हाती घेतलं आणि १७९५ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत सांभाळलं.

महेश्वरला त्या साध्या लाकडी वाड्यात राहत. काशी विश्वनाथाचं मंदिर मात्र त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारलं, तर गयेचं विष्णुपद १७८७ मध्ये. सोमनाथला जुनं मंदिर भग्न होतं, म्हणून जवळच नवं बांधलं. खर्च राज्याच्या तिजोरीतून नव्हे, तर खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून.

बांधून झालं की लक्ष काढून घ्यायचं, असं त्यांनी केलं नाही. अनेक ठिकाणी पूजा आणि देखभालीसाठी कायमचं उत्पन्न लावून दिलं. दुरुस्ती एकदाच होते, निगा मात्र रोज राखावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा पाठ शिकवून झाला की मुलांना गावातली जुनी बारव किंवा वाडा दाखवायला न्या. याची निगा आता कोण राखतं, एवढंच विचारा.