वालचंद हिराचंद: पद्मिनीच्या क्लचमागचा माणूस

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारख्या डोंगरातल्या गावाला जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन जायचं असेल, तर इंजिनाइतकाच क्लचही धड लागतो. चढणीला ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, पण वेग काही वाढेना आणि वर जळका वास यायला लागला, तर समजा क्लच स्लिप होतोय. या गाडीचं बरं असं की हे काम साध्या गॅरेजमध्येही होतं, कारण तिचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात इथेच तयार झाले. यामागे एका सोलापूरकराची बरीच वर्षं गेली आहेत. त्यांचं नाव वालचंद हिराचंद.

ठेकेदार ते जहाजमालक

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दोशी या गुजराती जैन कुटुंबात झाला. घरी कापसाचा आणि सावकारीचा धंदा होता. मुंबईत आणि पुण्यात कॉलेजला गेले, पण मन रमलं ते बांधकामात. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनासोबत त्यांनी रेल्वेची कामं घेतली. पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं कामही त्यांच्या कंपनीने केलं.

१९१९ मध्ये ते सिंदिया कंपनीच्या जहाज व्यवसायात उतरले. त्या वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी, ही कामंही त्यांनीच सुरू केली. विमानाचा कारखाना पुढे सरकारकडे गेला. तोच आजचा एचएएल.

गाडी जोडायची की बनवायची?

त्या काळी मुंबईत मोटारी तयार व्हायच्या, पण परदेशी कंपन्यांच्या. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. वालचंदना ते नको होतं. १९३० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मोटार कारखान्याचा पाठपुरावा सुरू केला. सर विश्वेश्वरय्यांसारखा जाणकार इंजिनिअर या कल्पनेच्या बाजूने होता. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली. पण ब्रिटिश सरकारने हवी ती मदत दिली नाही, आणि युद्धामुळे मशिनरी मिळणं अवघड झालं.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीनेच झाली, पण हळूहळू भाग इथे बनवायचे हे ठरलेलं होतं.

आता क्लच समजून घेऊ

इंजिन सतत फिरतं, चाकं मात्र कधी थांबतात, कधी फिरतात. दोघांना जोडणारा आणि तोडणारा भाग म्हणजे क्लच. इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील असतं, त्याला प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली असते. दोघांच्या मध्ये लायनिंग लावलेली क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबून धरली जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची बोटं ढकलतं आणि पकड सुटते.

क्लच ॲडजस्ट करणं म्हणजे या पेडलचा फ्री प्ले नीट ठेवणं. पेडल सुरुवातीला थोडं सैल जायला हवं. जुन्या गाड्यांत हे अंतर साधारण २० ते २५ मिलिमीटर असतं. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. गंमत अशी की लायनिंग झिजलं की हे अंतर वाढत नाही, कमी होतं, कारण बोटं बेअरिंगच्या दिशेने मागे येतात. अंतर शून्य झालं की बेअरिंग सतत दाब देत राहतं आणि क्लच स्लिप होतो. उलट अंतर जास्त झालं तर पकड पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर होते. पेडलपासून गेलेल्या सळीवरचा किंवा केबलवरचा नट फिरवून हे ठीक करता येतं.

ॲडजस्ट करूनही स्लिप होत असेल तर

मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो. प्रेशर प्लेट काढण्याआधी ती आणि फ्लायव्हील यांवर खूण करा, आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. एकदम एकच बोल्ट काढला तर स्प्रिंगच्या दाबाने प्लेट वाकू शकते. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलं असेल तर नवीन मारून घ्या. लायनिंग तेलकट असेल तर आधी ऑइल सील बदला, नाहीतर नवी प्लेटही खराब होईल. फ्लायव्हीलवर चरे असतील तर लेथवर फेस करून घ्या. बसवताना क्लच प्लेट बरोबर मध्यभागी हवी, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जाणार नाही.

एक धोका लक्षात ठेवा. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. धूळ हवेने उडवू नका. मास्क लावा आणि ओल्या कापडाने पुसा.

जे त्यांना बघायला मिळालं नाही

१९४९ मध्ये वालचंदना पक्षाघात झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी काम सोडलं. १९५१ मध्ये प्रीमियरने फियाटशी हात मिळवला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं: देशातच गाडी बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले, प्रीमियर राहिली. १९५४ पासून फियाट ११०० आली. तिचीच पुढची आवृत्ती म्हणजे पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये रजिस्टर झाली आणि २०२३ मध्ये तिची मुदत संपली.

आज फोनची बॅटरी बदलायची तरी चिकटवलेलं मागचं झाकण तापवून उचकटावं लागतं. पुढच्या वेळी फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसोबत एवढंही विचारा: हा इथे उघडता येतो का, आणि याचे भाग इथे मिळतात का? वालचंद गाडीबद्दल काहीसं हेच विचारत होते.